फ्लॅट ३०२ चा मूलबंध

माझ्या नावाने फाईल निघाली त्या दिवशी मला काहीही झालेलं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो. वय चौसष्ट, वजन एकाहत्तर, साखर नाही. खापरखेड्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये चौतीस वर्षं काढली आणि निवृत्तीच्या तपासणीत डॉक्टरांनी 'फिट' असा शेरा मारला. तो कागद अजून माझ्याकडे आहे. नागपुरात धंतोलीच्या दवाखान्यात मी गेलो होतो ते बायकोला घेऊन.

कौसल्याला शिंक आली, खोकला आला, पाण्याची बादली उचलली, की थोडी लघवी व्हायची. हे वाक्य मी आता सहज लिहून टाकलं, पण आमच्या घरात ते कित्येक वर्षं कोणी उच्चारलं नव्हतं. मला तर माहीतच नव्हतं. मला एवढंच दिसायचं की ही लग्नांना येत नाही, भजनाला जात नाही, आणि भर उन्हाळ्यात दिवसाला चार गिलास पाणी पिते. मी समजत होतो की वयानुसार माणूस विरक्त होत जातो. मला त्याचं कौतुकही वाटायचं.

मग नूपुरला दिवस गेले. नूपुर आमची धाकटी पोरगी, हैदराबादला असते. बाळंतपणाला आईने यावं एवढंच तिचं म्हणणं. कौसल्या म्हणाली, हैदराबादचं पाणी मला मानवत नाही. ही बाई जन्मात कधी हैदराबादला गेलेली नव्हती. नूपुर फोनवर रडली, आणि नंतर फोनच करेनाशी झाली. तेव्हा एका दुपारी, अलमारीत कपडे लावता लावता, माझ्याकडे पाठ करून कौसल्याने मला दोन वाक्यांत सगळं सांगितलं. रेल्वेत नऊ तास कसे काढायचे, हा खरा प्रश्न होता.

कंट्रोल रूममध्ये अलार्म वाजला की लाल दिवा लागतो. घरात तशी सोय नसते.

दुसऱ्याच दिवशी धंतोली. लेडी डॉक्टर चांगल्या होत्या. म्हणाल्या, हे फार बायकांना होतं, म्हणून ते सोसत बसायचं असं नाही. पाणी अजिबात कमी करायचं नाही, त्याने उलट जळजळ वाढते. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते, ती सैल झाली आहे. आधी तीन महिने व्यायाम आणि योगासनं करा, मग बघू. त्यांनी पत्ता दिला तो पुढच्या गल्लीतल्या वैभवी मॅडमचा. फिजिओथेरपिस्ट आणि योगशिक्षिका, पहिला माळा.

पहिल्या माळ्यावर काचेचं दार ढकललं आणि समोरच्याच खुर्चीवर आमच्या शेजारच्या यमुताई बसलेल्या. फ्लॅट ३०१. यमुताईंना एखादी गोष्ट कळली की सोसायटीच्या नोटीस बोर्डाची गरज उरत नाही. कौसल्याने त्यांना पाहिलं, "मी आटोत बसते," म्हणाली आणि आल्या पावली खाली गेली. मी उरलो काऊंटरसमोर. काऊंटरवरच्या मुलीने कागद ओढला आणि खणखणीत आवाजात विचारलं, पेशंटचं नाव?

यमुताईंनी हातातलं मासिक खाली ठेवलं.

माणसाच्या आयुष्यात मोठेपणाचे क्षण फार येत नाहीत. आले तरी ते असल्या ठिकाणी येतील असं वाटत नाही. मी म्हणालो, "मधुसूदन वैरागडे."

बेत असा होता की आत गेल्यावर मॅडमला खरं काय ते सांगून टाकायचं. मी सांगितलंही. मॅडम, तक्रार माझी नाही, आमच्या मिसेसची आहे. वैभवी मॅडम तिशीच्या असतील. त्या इतक्या समजूतदारपणे हसल्या की मला माझीच दया आली. म्हणाल्या, काका, इथे येणारे निम्मे पुरुष हेच म्हणतात, लाजायचं काही कारण नाही. मी पुन्हा सांगायला गेलो तर त्यांनी मला खुर्चीवर ताठ बसवलं. मग विचार केला की शिकून घ्यायला काय हरकत आहे? आपण शिकायचं आणि घरी जाऊन शिकवायचं. नवीन मशीन आलं की कंपनीवाले एका ऑपरेटरला ट्रेनिंग देतात, तो बाकीच्यांना देतो. वीज केंद्रं अशीच चालली आहेत.

प्रकार असा होता. लघवी आणि वारा दोन्ही एकाच वेळी अडवायचे आहेत असं समजून आतले स्नायू वर ओढायचे. याला योगात मूलबंध म्हणतात. पाच आकडे धरायचं. श्वास चालू ठेवायचा. पोट, मांड्या, कुल्ले घट्ट करायचे नाहीत. मॅडम म्हणाल्या, यातली मजा अशी की बाहेरून कोणाला काही कळत नाही, बसमध्ये करा, बँकेत करा. मी सुरुवात केली. मॅडम थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "काका, भुवया खाली घ्या. ते स्नायू तिकडे नाहीत."

मग सेतुबंधासन, मार्जारासन, बद्धकोनासन. शेवटी एक तक्ता दिला. किती वाजता पाणी प्यायलात, किती वाजता गेलात, मध्ये काही गळालं का, गळालं तर काय करताना, असे रकाने. तो तक्ता पाहून मला, खरं सांगतो, नोकरीची आठवण आली. दर तासाला लॉगबुक भरण्यात माझी हयात गेली होती.

फाईल बगलेत मारून बाहेर आलो तर यमुताई तिथेच. फाईलवर मोठ्या अक्षरात 'पेल्विक फ्लोअर' आणि खाली माझं नाव. यमुताई म्हणाल्या की त्या गुडघ्यासाठी आल्या आहेत. मी विचारलं नव्हतं. मग आवाज खाली करून म्हणाल्या, "भाऊजी, मनाले लावून घेऊ नका. आमच्या भासऱ्यांनाही होतं, यायच्या मोठ्या भावाले. पाच वर्षं काढले त्यायनं."

संध्याकाळी मी दूध आणायला उतरलो तेव्हा फाटकावरच्या चौकीदाराने पहिल्यांदाच उठून मला खुर्ची दिली.

त्यानंतर सल्ले सुरू झाले. आमच्या सोसायटीत चोवीस फ्लॅट आहेत आणि प्रत्येक घरी किमान एक वैद्य आहे. कोणी गोखरूचा काढा सांगितला, कोणी भोपळ्याच्या बिया. तळमजल्यावरच्या एकाने संत्री बंद करायला सांगितलं. नागपुरात राहून संत्री बंद करायची, तर मग राहायचं कशाला? सेक्रेटरी भैयाजींनी पार्किंगमध्ये मला बाजूला घेतलं आणि आता स्कूटर चालवू नका म्हणाले. मी विचारलं, काहून? ते म्हणाले, गड्डे लय आहेत रस्त्यात. त्या सल्ल्यात मात्र तथ्य होतं.

मी सगळं ऐकून घेत होतो. नाही म्हणायची सोय नव्हती. मला नाही म्हटल्यावर पुढचा प्रश्न साहजिकच 'मग कोणाला?' हा असणार होता. कौसल्या दारामागे उभी राहून हे ऐकायची. त्या आठवड्यात दोनदा पाटोडीची भाजी झाली. ती तिला आवडत नाही, मला आवडते.

घरातलं ट्रेनिंग चालू झालं. बर्डीच्या बाजारात जाऊन योगा मॅट आणली. दुकानदाराने साइज विचारला तेव्हा मी हॉलचा साइज सांगितला, त्यामुळे आलेली मॅट सोफ्याखालून जाऊन स्वयंपाकघरात निघायची, पण ते असो. रोज सकाळी मी खुर्चीवर बसून सूचना द्यायचो आणि कौसल्या करायची. धरा. एक, दोन, तीन, चार, पाच. पुन्हा धरा. मी कडक शिक्षक होतो. पाचाचे दहा केले, दहाचे पंधरा. तक्तासुद्धा मीच भरायचो. न्हाणीघराची कडी वाजली की वेळ टाकायची. दुसऱ्या दिवशी कौसल्या म्हणाली, तुम्ही कडीकडे कान लावून बसले की मले होतच नाही. मी तसा रकाना नसल्यामुळे ते समासात लिहिलं.

तीन आठवड्यांनी परिणाम दिसला. कौसल्याची कंबर भरून आली, ओटीपोटात दुखायला लागलं, आणि आधी दिवसात आठदा जायची ती बारादा जायला लागली. एवढं करूनही आराम पडत नाही म्हटल्यावर ती मॅट गुंडाळून पलंगाखाली टाकून मोकळी झाली. म्हणाली, माझ्या नशिबातच नाही नातवंडाचं तोंड पाहणं, तुम्ही एकटे जा. हे ती रागाने म्हणाली असती तर बरं होतं. ती वरण ढवळता ढवळता म्हणाली.

मी तक्ता घेऊन एकटाच धंतोलीला गेलो. वैभवी मॅडमने रकाने पाहिले. शिंकताना, हसताना, धुतलेली साडी पिळताना. साडीपाशी त्यांचं बोट थांबलं. मग त्यांनी नेहमीच्या आवाजात विचारलं, हा त्रास नेमका सुरू कधी झाला? मी तक्त्याच्या नादात होतो. मी खरं ते सांगितलं.

"दुसऱ्या बाळंतपणानंतर."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. पुन्हा उचललं. मग त्यांनी फाईलवरचं माझं नाव खोडलं, वर कौसल्या वैरागडे असं लिहिलं आणि मला पहिल्यापासून सगळं सांगायला लावलं. मी सांगितलं. रोज किती वेळ धरायला लावलं, तेही सांगितलं. त्यांनी विचारलं, आणि सोडायला? मी म्हणालो, सोडायला म्हणजे?

"काका, जितकं धरायचं, तितकंच सोडायचं असते. पूर्ण सैल. मी त्या दिवशी सांगितलं होतं, तुम्ही भुवयांत अडकले होते. तीन आठवडे त्या बाईला तुम्ही नुसतं आवळून ठेवलं."

चौतीस वर्षं मी बॉयलरच्या पॅनेलसमोर बसलो. दाब वाढला की तो सोडावा लागतो, नाहीतर काय होतं, हे मी कितीतरी नव्या पोट्ट्यांना शिकवलं होतं.

कौसल्या दवाखान्यात यायला तयार नव्हतीच, म्हणून वैभवी मॅडमनी फोन केला. मी हॉलमध्ये होतो. आत कौसल्या पहिली पाच मिनिटं नुसती हो, नाही, हो करत होती. मग दार लागलं. मग पाऊण तास ती बोलत होती. आमच्या लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण सलग पाऊण तास बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. म्हणाली, उद्यापासून व्हिडिओवर शिकवणार आहेत, आणि त्या वेळी तुम्ही घरात नको. तिसऱ्या दिवशी ती तोंडाला ओढणी बांधून, दवाखान्याच्या मागच्या जिन्याने जाऊन तपासूनही आली. मला नंतर सांगितलं.

तर रोज सकाळी सात ते पावणेआठ मी जिन्यावर. घरातून हाकललेला माणूस जिन्यावर बसला की त्याच्याजवळ दुसरी माणसं येऊन बसतात, हे मला तेव्हा कळलं. पहिले आले विश्वनाथ, वरच्या माळ्यावरचे, सहकारी बँकेतून निवृत्त झालेले. आधी ते उकाड्याबद्दल बोलले. मग महानगरपालिकेबद्दल. मग भिंतीकडे पाहत म्हणाले, "मधुभाऊ, ते तुमचं कसं आहे आता? नाही म्हणजे, एक ओळखीचे आहेत आपल्या, त्याईले विचारायचं होतं."

त्या ओळखीच्या माणसाचे हाल विश्वनाथांनी इतके बारकाईने सांगितले की मी त्याचं नाव विचारलं नाही. मूलबंध सांगितला. धरायचं तितकंच सोडायचं, हे तीन वेळा सांगितलं. आणि वैभवी मॅडमला फोन करून विचारलंही. त्या म्हणाल्या, पुरुषांनी आधी डॉक्टरला दाखवायचं, मगच व्यायाम. विश्वनाथ गेले, तर त्यांना शुगर निघाली. त्यांनी मला पेढे द्यायचे की नाही हे ठरवायला दोन दिवस घेतले आणि शेवटी फुटाणे दिले.

एप्रिल संपेपर्यंत जिन्यावर आम्ही सहा जण झालो. सगळे डॉक्टरला दाखवून आलेले, सगळे ओळखीच्यासाठी विचारणारे. सहा मोठी माणसं जिन्यात रांगेने बसून, भुवया खाली ठेवून, आकडे मोजताना दिसू लागली तेव्हा तक्रार आली की जाण्यायेण्याला अडथळा होतो. विश्वनाथ म्हणाले, आपला हॉल रिकामाच पडला आहे, अर्ज करा. अर्ज मीच करायचा हे ओघानेच आलं. जाहीर रोगी मी एकटाच होतो.

सोसायटीचा हॉल मिळवणं ही सोपी गोष्ट नाही. छापील अर्जात कारणं दिलेली आहेत: वाढदिवस, साखरपुडा, बारसं, तेरवी, इतर. मी 'इतर'वर खूण केली. भैयाजींनी अर्ज परत पाठवला, इतर म्हणजे काय ते लिहा. मी 'योग' लिहिलं. पुन्हा परत. योग सांस्कृतिक की वैद्यकीय? सांस्कृतिक असेल तर लाऊडस्पीकरची अनामत. मी 'वैद्यकीय' लिहिलं. भैयाजी म्हणाले, वैद्यकीय कारणाला नियमाप्रमाणे डॉक्टरचं सर्टिफिकेट लागते, पण तुमचं तर सगळ्याइले माहीतच आहे, सर्टिफिकेट मागून आणून द्या, तोवर सुरू करा. माणूस वाईट नाही. फक्त कागदाशिवाय त्याला झोप येत नाही.

दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर खडूने, भैयाजींच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: 'फ्लॅट ३०२ चे श्री. मधुसूदन वैरागडे यांच्या लघवीच्या तक्रारीनिमित्त पुरुषांसाठी योगवर्ग. सकाळी ७ ते ८. सर्वांनी लाभ घ्यावा.'

'तक्रारीनिमित्त'. जयंतीनिमित्त, पुण्यतिथीनिमित्त असतं तसं. मी तिथे उभा असताना कुरिअरवाला आला, बोर्ड वाचला, माझ्या हातात पाकीट दिलं आणि नाव विचारलं. मी सही केली. त्याने सहीकडे पाहिलं, बोर्डाकडे पाहिलं, आणि "काळजी घ्या काका" म्हणून गेला.

वर्ग दोन आठवडे चालला. माणसं वाढून अकरा झाली. इकडे घरात वेगळंच काही घडत होतं आणि मला त्याचा पत्ता मोठ्या गोष्टींतून लागत नव्हता. कौसल्या फिल्टरचं पाणी भरून गिलास गिलास पीत होती. एकदा खालून पाण्याचा कॅन स्वतः घेऊन आली. एक दिवस नूपुरला फोन लावला आणि तिकडे मे महिन्यात कैऱ्या कशा भावाने मिळतात ते विचारलं. एवढंच विचारलं. नूपुरने मला लगेच मेसेज केला, आई येऊन राहिली का? मी उत्तर दिलं नाही. मला आता घाईने काही आवळायचं नव्हतं.

मग आली वार्षिक सभा. विषय क्रमांक चार: हॉलचा वैद्यकीय वापर. एका सभासदाने लेखी हरकत घेतली होती की घरी सोयरीक पाहायला आलेल्या पाहुण्यांनी बोर्ड वाचला, आणि मुलीच्या घराण्यात हा आजार आहे का अशी विचारणा केली. भैयाजी उभे राहिले. ते म्हणाले की बोर्डाचं आपण पाहून घेऊ, पण मुख्य मुद्दा असा की वैरागडे साहेबांनी अजून सर्टिफिकेट दिलेलं नाही. म्हणून ते स्वतः धंतोलीत चौकशीला गेले होते, सोसायटीच्या कामासाठी. तिथल्या काऊंटरवर त्यांना पेशंटची माहिती देता येत नाही असं सांगण्यात आलं, ते योग्यच. पण मधुसूदन वैरागडे या नावाचे आमचे पेशंटच नाहीत, एवढं मात्र त्या मुलीच्या तोंडून निघून गेलं.

भैयाजींनी चष्मा काढून पुसला. त्यांना बोलायला जड जात होतं हे दिसत होतं. "मधुभाऊ, मले एवढंच सांगा. तुमाले हा आजार आहे का नाही? नसंन तर तुम्ही सोसायटीले खोटं लिहून दिलं."

मी उभा राहिलो. समोर पुरुषांच्या खुर्च्या, मागे बायकांच्या. आहे म्हणावं तर कागद कुठून आणू? नाही म्हणावं तर पुढचा प्रश्न ठरलेला. वर्गातले बाकीचे दहा जण माझ्याकडे पाहत होते. ज्यांना मी भुवया खाली ठेवायला शिकवलं त्या सगळ्यांच्या भुवया वर गेलेल्या. खोटारडा म्हणून इतिवृत्तात नोंद होईल, एवढंच ना, असं मी मनाशी म्हटलं. तेवढी नोंद झाली तरी चालेल. मी म्हणालो, माझ्याकडून चूक झाली, मी माफी मागतो, हॉल परत घ्या.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"फाईल आहे," कौसल्या म्हणाली. "माझ्या नावानं आहे. त्रास मले होता, यायले नाही. मले लाज वाटली म्हणून यायनं आपलं नाव लावलं, आणि अडीच महिने तुमचं सगळ्याइचं ऐकून घेतलं."

एवढं बोलूनही ती खाली बसली नाही. तिने तो त्रास काय होता तेही सांगितलं, स्पष्ट, बायका लोणच्याची कृती सांगतात तसं. कधी होतं, कशाने होतं, आता किती कमी झालं. मी सभेकडे पाहत नव्हतो. मी तिच्याकडे पाहत होतो, आणि माझ्या नावाचं काय झालं हा विचार त्या वेळी मनात आला नाही, हे मला नंतर आठवून बरं वाटलं.

ती थांबली तेव्हा तिच्या शेजारी यमुताई उठल्या. म्हणाल्या, "मीही तिथं त्याचसाठी जात होती. गुडघ्याचं खोटं होतं, भैयाजी, लिहून घ्या." मग मागच्या रांगेत कुजबुज झाली, आणि तिसरा हात वर आला, मग चौथा. भैयाजी इतिवृत्त लिहिता लिहिता थांबले आणि हे विषय क्रमांक चारमध्येच घ्यायचं की नवीन विषय करायचा, असं त्यांनी अध्यक्षांना विचारलं.

ठराव झाला. हॉल सकाळी सात ते आठ महिलांच्या योगवर्गाला देण्यात येत आहे, शिकवायला वैभवी मॅडम दर शनिवारी येतील. बोर्डावरून माझी तक्रार पुसण्यात आली. पुरुषांच्या वर्गाबद्दल सभेने सहानुभूतीने विचार केला आणि त्यांना गच्ची दिली. नागपूरची गच्ची, मे महिना. सात वाजताच पाय भाजतात. आम्ही अकरा जण एकमेकांना हात देत, चप्पल घालून सेतुबंधासन करत होतो. मी अर्ज करून मिळवलेल्या हॉलमधून असा मी पहिल्या महिन्यातच बाहेर पडलो, त्याबद्दल सभेत कोणी आभाराचा ठरावही मांडला नाही.

सभेहून घरी आल्यावर कौसल्या दोन गिलास पाणी प्यायली. मग म्हणाली, हॉलचा पंखा आवाज करते, भैयाजीले सांगून ठेवा. आणि तिकिटं काढा, जूनच्या पहिल्या आठवड्याची.

आम्ही गेलो. नूपुरला मुलगी झाली, सकाळी साडेसहाला, दोन किलो नऊशे ग्रॅम. सगळं नीट होतं, फक्त बाळाने संध्याकाळपर्यंत लघवी केली नव्हती. डॉक्टर म्हणाले, चोवीस तास वाट पाहू, घाबरायचं नाही. पण दर तासाला एक नर्स यायची आणि हिंदीत विचारायची, "बेबी ने सूसू किया?" आणि आम्ही सगळे मान हलवायचो, नाही. सातव्या वेळी मान हलवताना जावई ऋषीचा चेहरा पार उतरला होता. त्याची आई फोनवर, आमचे व्याही फोनवर, सगळ्यांचा एकच प्रश्न.

आठच्या सुमाराला कौसल्याने बाळ माझ्याकडे दिलं आणि आम्हा पुरुषांना बाहेर काढलं. पडदा ओढून ती नूपुरच्या उशाशी बसली. मी बाहेर बाकावर होतो, आतलं तुटक तुटक ऐकू येत होतं. "मले कोणी सांगितलं नाही," ती म्हणत होती. "माझ्या आईलेही कोणी सांगितलं नसंन. तू दीड महिन्यानं डॉक्टरले विचार, आणि लाजू नको." नूपुर काहीतरी विचारत होती, हळू आवाजात, आणि कौसल्या उत्तर देत होती. दोघी बराच वेळ बोलत होत्या. मी कान तिकडून काढून घेतले.

तेवढ्यात माझ्या पोटाशी ऊब लागली. पांढरा शर्ट होता, नातीला भेटायचं म्हणून इस्त्री केलेला. ऊब छातीपासून पट्ट्यापर्यंत पसरली. मी हललो नाही. ऋषीने पाहिलं आणि तो बाकावरून उठून नर्सच्या टेबलाकडे पळत सुटला, मग मोबाईल विसरला म्हणून परत आला, मग पुन्हा पळाला. नर्सने मला वेळ विचारली. आठ वाजून बारा मिनिटं, मी म्हणालो. तिने तक्त्यात लिहून घेतलं आणि "बहुत अच्छा" म्हणाली. बाजूच्या बाकावरचं एक तेलुगू जोडपं, ज्यांचा आमच्याशी काही संबंध नव्हता, तेही उठून हसले.

आवाज ऐकून कौसल्या पडद्याबाहेर आली. तिने बाळाकडे पाहिलं, मग माझ्या शर्टाकडे. मी खिशातून रुमाल काढत होतो.

"पुसू नका," ती म्हणाली. "आधी नूपुरले दाखवून या."

मी ओला शर्ट तसाच पुढे करून आत गेलो.